बाहेरून ठोकलेलं बूच

आमच्या घराचं पुढचं दार दिवसा कधी लागत नसे. शेजारीपाजारी, मासळी मागायला येणारे, वाडीतली कुत्री, सगळ्यांना ते उघडंच. आणि दिवेलागणीला तर ते सताड उघडं ठेवायचं, हा आईचा कायदा. त्या वेळेला लक्ष्मी घरात येते म्हणे. ती किती वेळा आली ते आईलाच ठाऊक. मला दिसलं ते एवढंच, की गेल्या वर्षापासून नेमक्या त्याच वेळेला बाबा त्याच दारातून निघून जायला लागले.

बाबा तांडेल. उभा जन्म मासेमारीच्या होडीचं सुकाणू धरण्यात गेला. होडी विकल्याला बरीच वर्षं झाली. पण डोक्यातून एकेक गोष्ट पुसली जायला लागली, तेव्हा होडी विकल्याची गोष्ट सगळ्यांत आधी गेली. आई आत देव्हाऱ्यापाशी वात लावायला बसली, की हे उठायचे आणि खाडीची वाट धरायचे. होडी सुटलीय, बांधायला हवी, म्हणायचे. वाटेवरून मी त्यांना कितीदा परत आणलं. मग एका संध्याकाळी जेटीवरच्या माणसांना ते भरतीच्या पाण्यात छातीपर्यंत उभे दिसले. पाण्यात हात घालून नसलेला दोर शोधत होते. त्या माणसांचं लक्ष गेलं नसतं, तर आम्हाला त्यांचं प्रेतच सापडलं असतं. मी हे मुद्दाम असं उघडं लिहितो, कारण घरात ते कोणी बोलायचंच नाही.

कडी त्यांना अडवत नव्हती. ओल्या दोराच्या गाठी अंधारात सोडणाऱ्या माणसाला कडीचं काय? वरचा बोल्ट ते काठीने सरकवायचे. मागचं दार मी आधीच बंद करून टाकलं होतं. पुढच्यासाठी रत्नागिरीहून गोल मुठीचं कुलूप आणलं, आतून आणि बाहेरून दोन्हीकडे चावी लागणारं. आईने ते हातातसुद्धा घेतलं नाही.

"दिवेलागनीला दार लावनार तू? बापसाला कोंडनार?"

"मग काय करू? लक्ष्मीला म्हणावं, टकटक कर!" मी खेकसलो. आईने पदर डोळ्यांना लावला आणि मला माझाच राग आला. राग आला की मी काम काढून बसतो. तसाच बसलो.

माझा धंदा वायरिंगचा, सुतारकी नव्हे. पण सुतार तेव्हा सगळे होड्यांच्या डागडुजीत अडकलेले. दाराला जुन्या लॅचचं भोक होतं, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडं मोठं. नव्या कुलपाला त्याच्या दुप्पट हवं होतं. होलसॉ माझ्याकडे होताच. सीलिंगमध्ये दिव्यांसाठी गोल भोकं पाडायला तो रोज लागतो. लोखंडी वाटी, तिच्या काठाला करवतीचे दात आणि मधोमध एक ड्रिल. ते ड्रिल आधी लाकडात शिरतं आणि वाटीला जागेवर धरून ठेवतं. इथे मध्ये लाकूडच नव्हतं. मशीन सुरू केलं, ड्रिल रिकाम्या भोकात गरगरलं आणि वाटी सटकून दारभर नाचली. फणसाच्या जुन्या दारावर हा एवढा ओरखडा. दुसऱ्यांदा जोर लावला तर मनगट मुरगळलं. मी मशीनला एक सणसणीत शिवी हासडली.

दाराच्या आतल्या पडवीत बसलेले बाबा उठून आले. भोकात बोट घालून बघितलं.

"ह्याला धरायला कायतरी नको? आदी बूच ठोक."

कित्येक दिवसांत ते माझ्याशी इतकं सरळ बोलले नव्हते. पडवीच्या कोपऱ्यात त्यांचं मोडकं वल्हं होतं. त्याच्या दांड्याचा तुकडा मी कापून दिला. त्यांनी आईकडे कोयती मागितली. आईने माझ्याकडे पाहिलं, मी मानेनेच हो म्हटलं. सदऱ्याची बटणं लावता न येणारे ते हात लाकूड तासायला लागले आणि एकदाही चुकले नाहीत. एका टोकाला निमुळतं असं बूच तयार झालं. मी दार लोटून घेऊन ते आतून ठोकायला गेलो, तर त्यांनी माझं मनगट धरलं.

"भायरनं. होडीला पानी भायर आसतं. आतनं ठोकलंस तर पानी त्याला ढकलून देतं."

आणि हातोडी घेऊन ते उंबऱ्याबाहेर गेले. दार त्यांनी स्वतःच ओढून घेतलं. मी आतून दार दाबून उभा. उन्हं उतरली होती, भरतीची वेळ होती, आणि अंगणापासून खाडीपर्यंतची वाट मोकळी होती. आधी भोकातून त्यांचा सदरा दिसत होता, मग बूच आत सरकलं आणि तोही दिसेनासा झाला. ठकठक थांबली. मी हाक मारली. पुन्हा मारली. दार उघडायचं भानही मला राहिलं नाही.

मग दार ढकलून ते आत आले आणि हातोडी माझ्या हातात दिली. "बसलं. आता चालव."

मधल्या ड्रिलला वल्ह्याचं लाकूड मिळालं आणि वाटी जागची हलली नाही. पिवळा भुसा पायांवर पडत राहिला. शेवटी गोल चकती निघाली, कडेला फणसाचं लाकूड आणि मध्ये वल्ह्याचं. बाबा ती घेऊन पडवीत जाऊन बसले. मी कुलूप बसवलं, चावी फिरवून बघितली. दार जागचं हललं नाही.

आईने दिवा लावला, बंद दारासमोर येऊन उभी राहिली आणि हात जोडले. मग माझ्यापुढे हात केला.

"चावी दे हिकडं. दिवेलागनीपुरतं उघडीन. मी दारातच बसन, सोडनार नाय त्यांना."

मला वाटलं, द्यावी. एवढं तरी तिचं राहू द्यावं. मी चावी पुढे केली.

"आवशीकडं चावी देऊ नको," पडवीतून बाबा म्हणाले. नजर चकतीवरच होती. "मी मागितली की ती देईल."

आईचा हात तसाच राहिला. चावी मी खिशात टाकली.