आडवे शब्द ताईचे

दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यामागे एक लांबट खोली होती. तिथे खिडकीपाशी बसून मास्तर कवळ्या बनवायचे. टेबलावर प्लॅस्टरचे साचे, मेणाच्या पट्ट्या, गुलाबी भुकटीचा नाकात घुसणारा वास आणि दिवसभर पॉलिशच्या चाकाची घरघर. "दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ते सांगायचे, "माझं तर त्याच्यावरच भरलं." सगळे त्यांना कवळीमास्तर म्हणत. माणूस तसा गमत्या, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एखाद्यावर दात धरला की सोडायचं नाव नाही. आणि त्यांनी दात धरला होता तो सख्ख्या बहिणीवर.

ताई त्यांच्याहून सहा वर्षांनी मोठी, टेलिफोन एक्स्चेंजमधली ऑपरेटर. आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. शब्दकोड्याचा नाद मास्तरांना लावला तो तिनेच. साधं कोडं नव्हे, गूढ शब्दकोडं. त्यात सरळ अर्थ विचारत नाहीत, शब्दाची तोडफोड करून आडून आडून सुचवतात. "बशीने हाकेला ओ दिली," एवढंच लिहिलेलं असतं. ताई म्हणायची, "बशी म्हणजे प्लेट. तिला ओ जोड. झाला की नाही प्लेटो?"

दर रविवारी सकाळी मास्तर बहिणीकडे जायचे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर वर्तमानपत्र पसरायचं. आडवे शब्द ताईचे, उभे मास्तरांचे, असा लहानपणापासूनचा करार. एकाने दुसऱ्याच्या शब्दाला हात लावला की भांडण. ताईची लेक कंटाळून म्हणायची, "अरे, जेवायचं आहे का तुम्हाला, की अक्षरं खाताय?"

मग आई आजारी पडली. मास्तरांचं घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, म्हणून आई ताईकडे. तिला उचलायचं, कूस बदलायची, रात्री-अपरात्री उठायचं, सगळं ताईने केलं. मास्तर रविवारी यायचे, आईशेजारी बसायचे आणि कोडं सोडवून जायचे. शेवटी ताईची कंबर धरली, तेव्हा तिने आईला शुश्रूषागृहात ठेवलं. पुढच्याच महिन्यात आई गेली, तिथेच.

तिथल्याच बाहेरच्या बाकावर, आईचे कपडे पिशवीत भरता भरता मास्तर बोलून गेले, "परक्यांच्या हवाली केलंस तिला. घरात मेली असती तर तुझं काय गेलं असतं?"

ताईने पिशवी खाली ठेवली. "तू तिला एकदा तरी उचललंस का रे, धाकट्या?"

प्रश्न झोंबला, मास्तर रागाने उठून चालते झाले. तेव्हापासून अबोला. बायको मधूनमधून म्हणायची, "अहो, सोडा ना आता. बहीण आहे, सवत नाही." मास्तर चपला घालून कामावर निघायचे. मनातून त्यांना केव्हाच कळलं होतं की ताई खरं बोलली. पण कळणं वेगळं आणि जाऊन सांगणं वेगळं. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता चार वर्षं गेली. रविवारी ते एकटेच कोडं सोडवायचे, आडवे आणि उभे दोन्ही. बरेचदा अर्धं राहायचं.

एका रविवारी वर्तमानपत्राने खास कोडं छापलं. विषय होता प्राचीन तत्त्वज्ञ. मास्तरांनी चष्मा पुसला आणि बाह्या सरसावून बसले. "साप आणि धनुर्धर एकत्र आले, हाती शून्य उरलं." नाग आणि अर्जुन, नागार्जुन. "गाईपाठोपाठ अंधार, तरी न्याय मिळतो." गौ आणि तम, गौतम. "गाईचा काना हरवला, तत्त्वांची मोजणी सुरू." कपिला, तिचा काना काढला की कपिल. मास्तर एकटेच हसत होते. पुष्कळ दिवसांनी असं पटापट सुटत होतं.

कोपऱ्यातला एकच आडवा शब्द राहिला, दोनच घरांचा. "मार्गी लागताना आई गेली, तिच्या जागी गा, भर सभेत प्रश्न विचारायला कोण उभं?"

'आई गेली' हे दोन शब्द वाचले आणि मास्तरांची पेन्सिल थांबली. पुढचं काही केल्या डोक्यात शिरेना. जेवताना, कामावर, एका आजोबांच्या खालच्या कवळीचे दात मेणात बसवताना, तेच. थेल्स? झेनो? एकेक नाव आठवून पाहिलं, एकही जुळेना.

बायकोने नेमकं ओळखलं. "ताईंना फोन करा. तेवढंच निमित्त."

"रिकाम्या हाती कसा करू? म्हणेल, चार वर्षांनी आठवण झाली ती एका शब्दासाठी."

"म्हणू दे की."

"सुटू दे. मग पूर्ण कोडं घेऊनच जातो."

रविवार गेला, सोमवार गेला. गुरुवारी दुपारी मास्तरांच्या खोलीतला फोन वाजला. भाची होती. "मामा, आईला झटका आला. उजवी बाजू गेली. बोलता येत नाहीये."

मास्तर पांढऱ्या धुळीने भरलेल्या हातांनी तसेच निघाले. रुग्णालयात ताई पलंगावर होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. तिने भावाकडे पाहिलं. "हो हो," ती म्हणाली. नर्सने नाव विचारलं, "हो हो." दुखतंय का विचारलं, "हो हो." भाची म्हणाली, एवढंच उरलंय.

बाहेर आल्यावर तिने सहज सांगितलं, "रविवारचं ते तत्त्वज्ञांचं कोडं आईने चहा संपायच्या आत सोडवलं, मामा. एका शब्दाशी मात्र हसत बसली होती. म्हणाली, हा धाकट्याला सुटायचा नाही, पुरुषांचीच नावं शोधत बसेल. बघ, आज फोन येईल त्याचा. मग दिवसभर फोन उशाशी घेऊन पडली होती."

मास्तर भिंतीला टेकले. मार्गीतली मा, म्हणजे आई, काढायची, तिथे गा ठेवायचा. गार्गी. इतकं सोपं होतं.

ते आत गेले. पलंगाच्या कडेला बसून म्हणाले, "ताई, गार्गी. गार्गी ना?"

"हो हो," ताई म्हणाली.

तिला कळलं की नाही, ते मास्तरांना चेहऱ्यावरून ओळखता आलं नाही.

पुढे ताई घरी आली. वाचा शिकवणाऱ्या बाई चित्रांचे पत्ते घेऊन यायच्या, पेला, खुर्ची, मांजर. काही दिवशी एखादा शब्द यायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा पुसला जायचा. मास्तर अर्धा दिवस काम करून रोज तिच्याकडे जायला लागले. भाचीने शिकवलं तसं बहिणीला काखेत हात घालून उठवायचं, खुर्चीत बसवायचं, पायांत चपला घालायच्या. पहिल्या आठवड्यातच त्यांची पाठ भरून आली. वर्षभर हे ताईने आईचं कसं केलं असेल, हे त्यांना तेव्हा समजलं.

एका दुपारी भाची बाहेर गेली होती. मास्तरांनी पाण्याचा पेला खाली ठेवला आणि म्हणाले, "ताई, त्या दिवशी मी वाईट बोललो. आईचं सगळं तू केलंस, मी नुसता येऊन बसायचो. मला माफ कर."

"हो हो," ताई म्हणाली, आणि डाव्या हाताने उशी सरळ करायला लागली.

घरी येऊन त्यांनी बायकोला विचारलं, "तिला कळलं असेल का गं?"

बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. हातातली घडी तिने पुरी केली. मग म्हणाली, "मी काय सांगू? ज्या वेळी ती दोन शब्द सुनावून मग माफ करू शकत होती, त्या वेळी माफी मागायची होती."

ताई त्यानंतर दीड वर्ष जगली. मास्तरांनी एकही दिवस चुकवला नाही. मधूनमधून ते पुन्हा माफी मागायचे, जरा वेगळ्या शब्दांत, आणि पुन्हा तेच उत्तर ऐकून तिच्या चपला सरळ ठेवून घरी यायचे.