पातीवरचं पाणी

आज चंपाषष्ठी. भरिताची हिरवी वांगी भाजायला ठेवून कांद्याची पात नेहमीसारखी तीन पाण्यांतून धुवायला घेतली, आणि तिच्या उग्र वासाने देवपुरातले दिवस आठवले. गल्लीत तीन मुलांना कावीळ झाली होती, त्यात माझी मुलगी. डॉक्टर म्हणाले, हा विषाणू घाण पाण्यातून येतो, कच्च्या भाजीवरूनही. आमच्याकडे भरितासोबत पात कच्चीच खातात. त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरचा भाजीवाला मागच्या नाल्यातून बादली भरताना दिसला. तेच पाणी तो जुड्यांवर शिंपडत होता. मी हटकलं तर हसला, "पानीज शे अक्का, जहर थोडंच शे!" शेजारीण मला कोपराने ढोसत पुटपुटली, "जाऊ द्या हो, कोथिंबीर फुकट देतो बिचारा." घरात मुलगी पिवळी पडून होती, मी कसलं जाऊ देते! दुसऱ्या दिवशी सकाळी स्टीलचा पेला घेऊन मी त्याच्या दुकानापुढे बसले. कुणी पात मागितली की पेला बादलीत बुडवून भाजीवाल्यापुढे धरायचे, "भाऊ, आधी तुम्ही प्या." दहा वाजायच्या आत त्याने बादली नाल्यात ओतली. मी ती त्याच्याकडूनच घासून घेतली, नळाखाली भरायला लावली आणि मगच उठले.