तलावकाठी खाल्लेला डबा

ही गोष्ट मी बावीस वर्षं कुणाला सांगितली नाही. सांगण्यासारखं काही घडलं होतं असंही नाही. एक डबा खाल्ला, इतकंच. पण तो डबा माझ्यासाठी नव्हता.

माझी माय पिंपळनेरजवळच्या खेड्यातली. पांझरेचं पात्र तिकडे अरुंद, दगडाधोंड्यांचं. पावसाळा ओसरला की दगडाखाली हात घालून खेकडे काढायचे, हे तिला लहानपणापासून येत होतं. खेकड्याला मागून, पाठीवर अंगठा दाबून धरायचं. समोरून हात घातला तर तो सोडत नाही. माझ्या उजव्या तर्जनीवर त्याची खूण अजून आहे. वर्गात खडू धरला की ती दिसते.

मी जळगावात विज्ञान शिकवतो. बायको रावेरकडची, केळीच्या बागायतदारांच्या घरातली. त्यांच्याकडे मटण चालायचं, मासेही चालायचे. खेकडा मात्र नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवाळीत सासूबाई सहज बोलून गेल्या, "खेकडे काय, नाल्याकाठचे लोक खातात." त्या मला उद्देशून बोलल्या नव्हत्या. पण मी त्या वेळी ताटाकडे बघत राहिलो आणि आमच्या घरी काय शिजतं ते सांगितलं नाही. सुरुवात तिथून झाली.

मुलगी झाली तेव्हा आम्ही जळगावातच मेहरूणला भाड्याने राहत होतो. सासूबाई बाळंतपणासाठी येऊन राहिल्या होत्या. दहाव्या-बाराव्या दिवशी मायने गावाहून डबा पाठवला. सकाळच्या एसटीच्या ड्रायव्हरजवळ, कडीचा मोठा स्टीलचा डबा, जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेला. शेजारच्या दुकानातून फोन करून तिने बजावलं होतं, "सूनले गरम करी दे. बाळंतिणीले खेकडासारखं काहीच नही. कंबर मजबूत राहस."

बसस्टँडवर मी डबा घेतला. फडकं तेलाने थोडं तांबूस झालं होतं. सायकलवर तो मांडीशी टेकवून घराकडे निघालो, आणि मेहरूण तलावापाशी आल्यावर पाय थांबले. घरात गेल्यावर कडी उघडली जाणार, वास सुटणार, सासूबाई नाकाला पदर लावणार आणि विचारणार, हे कुणी पाठवलं? त्या एका प्रश्नाला मी घाबरलो. डबा तलावात उलटा करायचा ठरवून काठावर बसलो. कडी काढली.

आता खरं ते सांगतो. मला तो फेकवला नाही. भाजलेल्या खोबऱ्याचा, काळ्या मसाल्याचा वास आला आणि मी फडक्यात गुंडाळलेली ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी मोडली. एक घास घेऊन बघू, म्हणून सुरुवात केली. मग नांग्या दगडावर फोडल्या, पाय चोखले, शेवटी भाकरीने डबा पुसून घेतला. पंप-हाउसच्या नळावर हात धुतले, दोनदा, आणि रिकामा डबा पिशवीत लपवला. घरी गेलो तर सासूबाई म्हणाल्या, "इतका उशीर?" मी म्हणालो, "सायकल पंक्चर झाली." बायको बाळाला पाजत होती. तिचा वाटा माझ्या पोटात होता.

डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आमच्याकडची रीत. मी केळीचे वेफर्स भरून पाठवले. फोनवर मायला सांगितलं, "बोटं चाटली." ते खोटं नव्हतं, फक्त बोटं कुणाची हे सांगितलं नाही. मायने ते वेफर्स सुनेने धाडले म्हणून गल्लीभर वाटले. तेव्हापासून ती ज्याला त्याला सांगत आली, की मन्ही सून रावेरकडनी, पण मन्हा खेकडानी तिले उभं करं. सुनेला तिने आयुष्यात दिलेली सर्वांत मोठी वस्तू म्हणजे तो डबा, असं तिच्या बोलण्यावरून कळायचं. मी मान हलवायचो.

शाळेतही तसंच. संधिपाद प्राणी शिकवताना फळ्यावर खेकडा काढतो, पायांच्या पाच जोड्या मोजून दाखवतो. एकदा कुणीतरी विचारलं, "सर, हे खातात का?" मी म्हणालो, "कोकणात खातात." मागच्या बाकावरची साक्रीकडून, म्हणजे आमच्याच भागातून आलेली एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे पण खातात, सर." वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड फिरवलं. ती मुलगी पुन्हा कधी काही बोलली नाही. तिची माफी मागायची राहूनच गेली.

माय गेल्या वर्षापासून आमच्याकडे राहते. यंदा पावसाळ्यात बायको बाथरूममध्ये घसरली आणि डावं मनगट मोडलं. डॉक्टरांनी प्लास्टर घातलं, प्रथिनं, कॅल्शियम भरपूर घ्यायला सांगितलं. मायने एवढंच ऐकलं. रविवारी सकाळी मला मासळी बाजारात पाठवलं. "जितं पाह्यजे. मरेल खेकडा फुकट दिना तरी लेऊ नको." हे तिचं म्हणणं पुस्तकातही तसंच आहे. मेलेला खेकडा लवकर नासतो, पोटाला बाधतो.

सासूबाई आता नाहीत. तरी पिशवीतली खडखड ऐकून जिना चढताना मी इकडेतिकडे बघितलंच.

स्वयंपाकघरात माय पाटा घेऊन खाली बसली. बायको गळ्यात अडकवलेला हात सांभाळत स्टुलावर. मायने खेकडे साफ केले, वरचं कवच उचकटून आतले केसाळ कल्ले काढून टाकले, नांग्या वेगळ्या ठेवल्या. बारीक पाय पाट्यावर घेऊन वरवंट्याने ठेचायला लागली. ते पाणी घालून वाटायचे, फडक्यातून पिळायचे आणि तो रस रश्शात सोडून मंद आचेवर हलवत राहायचं. रस तापला की अंड्यासारखा थिजतो आणि रश्शाला दाटपणा येतो. मिक्सरमध्ये हे होत नाही, मी करून पाहिलं आहे.

"माय, कवचातलं कॅल्शियम पाण्यात फारसं उतरत नाही हं," मी म्हणालो. "खरा फायदा मांसाचा. प्रथिनं भरपूर, चरबी कमी, जस्त, बी-बारा..."

"तुन्हं पुस्तक ठेव या पाटावर," माय म्हणाली. "ठेची पाह्य, रस निंघस का."

बायको खळखळून हसली. मायला चेव आला. "इले इचार. बाळंतपनले मन्हा डबा उना, आठ दिनमा चालाले लागनी. कशी वं, पोरी?"

बायको माझ्याकडे न बघता म्हणाली, "हो, आई."

त्या 'हो'मुळे मला राहवलं नाही. आता पुन्हा रस्सा शिजणार, त्या डब्याची गोष्ट पुन्हा सांगितली जाणार, आणि माझ्या खोट्याला बायकोही हो म्हणत राहणार.

"माय, तो डबा हिने खाल्लाच नाही. मी खाल्ला. तलावावर बसून."

वरवंटा थांबला.

"बठ्ठा?"

"बठ्ठा. सगळा."

"नांग्या बी?"

"नांग्या बी."

"कसाले?"

"घरी न्यायची लाज वाटली."

"मन्ही?"

मी हो म्हणालो. मायने खाली बघून पुन्हा ठेचायला सुरुवात केली. पायांचा भुगा झाला तरी ती ठेचतच राहिली. सत्तरी ओलांडलेली बाई, तिची सांगायची एकुलती एक गोष्ट मी काढून घेतली होती.

मग बायको बोलली. "आई, मला माहीत होतं डबा आला नाही ते. तुम्ही विचारायचात रस्सा कसा होता, तर आधी मला वाटलं बारशाच्या मटणाचं विचारताय. मग एकदा तुम्ही खेकडे म्हणालात तेव्हा कळलं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून छान होता म्हणत गेले." आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "मला वाटलं, तुम्ही फेकून दिला. बावीस वर्षं मनात तेच होतं."

मायने मान वर केली. "फेका तं नही ना?"

"नाही, माय. भाकरीने डबा पुसून घेतला."

"मंग झायं." तिने फडकं माझ्यापुढे केलं. "धर आठे. पिळ." मग सुनेकडे वळून म्हणाली, "तू बी खोटं बोलनी, हाऊ बी खोटं बोलना, आनि गावभर डंका मन्हा!" आणि तिला हसू फुटलं. दात नसलेलं, डोळ्यांत पाणी आणणारं हसू.

जेवायला बसलो तेव्हा दोन्ही मोठ्या नांग्या बायकोच्या ताटात होत्या. माझ्या वाटीत नुसता रस्सा.

"तुन्हा वाटा तू बावीस वरीस पयलेच खायी चुकना," माय म्हणाली. "तिले फोडी दे. तिना हात मोडेल शे."

मी बत्त्याने नांग्या फोडल्या, पांढरंशुभ्र मांस सोडवून बायकोच्या भाकरीवर ठेवलं. माझ्या मायच्या हातचा खेकडा माझ्या घरात, खिडक्या सताड उघड्या. वास शेजारी गेला असेल. जाऊ दे. उद्या वर्गात कुणी विचारलं तर मी फळ्याकडे तोंड फिरवणार नाही.

बायकोने घास घेतला. माय तिच्या तोंडाकडे बघत होती.

"कसा शे?"

बायकोने घास गिळला. "आई, आता खरं सांगते. मीठ कमी आहे."

मायने बोट बुडवून चाखलं. "खरंच कमी शे," असं म्हणून तिने मिठाचा डबा ओढला. मग माझ्याकडे वळली. बावीस वर्षांपूर्वीचा तो रस्सा खाल्लेला जगात मी एकटाच.

"तवयना बी कमीच व्हता का रे, भाऊ?"

"नाही, माय," मी म्हणालो. "तो बरोबर होता."