झोपलंय का?

मंगळवार, १२ मार्च. पाणी उशिरा आले. दूध नासले. भिंतीवरचे घड्याळ बंद. त्यातले सेल भाऊजींनी काढून नेले. विचारले तर म्हणाले, डबीला लागले.

वहिनींच्या डायरीतले हे भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. लसी थंड ठेवण्याच्या पेटीत बसवायचा एक चिमुकला संगणक ते बनवत होते. घरात त्याला सगळे डबीच म्हणत. डबीने बहुतेक वेळ गाढ झोपायचे, अधूनमधून जागे होऊन तापमान टिपायचे आणि पुन्हा झोपायचे. दोन सेलवर वर्ष काढायचे. कारखान्याच्या मालकांनी बजावले होते, "घरी महिनाभर चालवून दाखवा. नाही चालली तर डबी बंद आणि तुम्ही दुरुस्तीच्या काउंटरवर."

दुरुस्तीचा काउंटर म्हणजे दिवसभर लोकांचे जळके चार्जर हुंगत बसणे. भाऊजींचे अर्धे तारुण्य त्यातच गेले होते.

डबी फ्रिजवर ठेवली. आठवड्याच्या आत सेलनी मान टाकली. भाऊजी हात धुऊन मागे लागले. व्होल्टेज सांभाळणारा रेग्युलेटर बसल्या जागी वीज पितो असे आढळले. त्याची हकालपट्टी झाली. मिणमिणता दिवा उपटला. तरी तेच. घड्याळापाठोपाठ रिमोटचेही सेल गेले, तेव्हा वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या कानातल्या यंत्राचा तेवढा सोडा."

रविवारी दुपारी भाऊजी आरामखुर्चीत लवंडले. डोळा लागतो न लागतो तोच बायकोने खांदा हलवला.

"अहो, झोपलात का?"

"झोपलो होतो."

"मग झोपा की. मी नुसतं विचारलं."

ती स्वयंपाकघरात गेली, आणि तिकडून 'टिंग' ऐकू आले. भाऊजी ताडकन उठले. बायको बटण दाबून डबीच्या पडद्याकडे निरखून बघत होती.

"हे काय करतेस?"

"झोपलंय का बघते. ते झोपलं नाही तर तुमचं काम जाईल, असं तुम्हीच म्हणालात ना? जाता-येता बघते मी. पण मेलं केव्हाही बघा, जागंच. तुमच्या जिवाला घोर नको म्हणून बोलले नाही."

बटण दाबले की डबी जागी होई, पडदा उजळे आणि कोणी आणखी काही विचारते का याची बराच वेळ वाट बघत बसे. भाऊजींनी कपाळाला हात लावला. रागवणार, तोच मनात आले: दवाखान्यातल्या सिस्टर तरी वेगळे काय करणार होत्या?

त्यांनी पडदाच बदलला. नव्या पडद्यावरची अक्षरे एकदा उमटली की विजेशिवाय तशीच राहत. वर शेवटचे तापमान, खाली ठळक 'झोपलंय'. बायको जाता-येता वाचायची आणि हलक्या पावलांनी पुढे जायची.

नव्या सेलवर महिना भरला. मालक घरी आले, मीटर लावून सेल तपासले आणि म्हणाले, "दुरुस्तीला दुसरा माणूस बघावा लागेल."

मालक गेल्यावर भाऊजींनी एका पुठ्ठ्यावर 'झोपलोय' असे लिहिले आणि तो छातीवर ठेवून खुर्चीत डोळे मिटले. बायको आली. तिने पुठ्ठा नीट वाचला. मग खांदा हलवला.

"अहो, हे आत्ताचं आहे का सकाळचं?"

संध्याकाळी वहिनींनी लिहिले: भिंतीवरच्या घड्याळात नवे सेल घातले. चालू आहे.