अंतरपाट मी धरला होता

नीलिमा दातार या बाईवर अन्याय झाला तो एका सोमवारी सकाळी सव्वादहा वाजता, रॉटरडॅममधल्या तिच्याच स्वयंपाकघरात, तिच्याच टेबलापाशी. नवरा जाऊन पुरता एक दिवसही झाला नव्हता. अंत्यविधीची व्यवस्था बघणारा माणूस करड्या सुटात समोर बसला होता. पुढ्यात लॅपटॉप, आवाज मऊ. पालिकेच्या नोंदीत जे होतं ते तो वाचून दाखवत होता. नाव बरोबर, जन्मतारीख बरोबर, पत्ता बरोबर. मग तो म्हणाला, "अविवाहित." आणि मान वर करून, अगदी अदबीनं, "आपण त्यांच्या कोण?" नीलिमाकाकूच्या हातात चहाचा कप होता. तो तिनं खाली ठेवला नाही, तोंडालाही लावला नाही. ती माझ्याकडे बघायला लागली, जणू उत्तर मला ठाऊक असेल... ठाऊक होतंच. साडेचार वर्षांपूर्वी कोथरूडमध्ये तिच्या बहिणीच्या गच्चीवर या दोघांच्या मधला अंतरपाट मी धरला होता. एक टोक माझ्या हातात, दुसरं अरविंदकाकांच्या धाकट्या भावाच्या, सतीशकाकांच्या. मंगलाष्टकं लांबली आणि माझा हात दुखायला लागला, तर पलीकडून नवरदेव अरविंदकाका म्हणाले, "पत्रकवाली, मोर्च्यात फलक धरतेस ना तासन्‌तास? मग धर."

त्या टेबलाबद्दल सांगायला हवं. मी शिकायला इथे आले तेव्हा काकांच्या घराच्या माळ्यावरची खोली भाड्यानं घेतली होती. ते बंदरातल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करायचे, एकटे राहायचे, आणि दर वसंतात त्यांचं जेवणाचं टेबल आमच्या लोकांनी ताब्यात घेतलेलं असायचं. करखात्याचं निळं पाकीट आलं की डीमन गावापासून ब्रेडा शहरापर्यंतची मराठी घरं ते न उघडताच पिशवीत टाकून काकांकडे यायची. काका ते उघडायचे, प्रत्येक ओळ मराठीत समजावायचे आणि शेवटी आपलं हिरव्या शाईचं पेन पुढे करायचे. "आधी वाच, मग सही कर." मोबदला म्हणून डबाभर थालीपीठ चालायचं. पैसे काढले की मात्र चिडायचे.

एकदा पुण्याचा एक उमदा इंजिनियर पाय पसरून बसला होता. म्हणाला, "काका, हा वारसाकर आपल्याला नाही ना लागत? आपला पासपोर्ट भारतीय. भारतात असला करच नाही."

"पासपोर्ट खिशात राहतो रे. तू कुठे राहतोस?"

"इथेच. तुमच्यापासून दोन ट्राम थांबे."

"मग झालं. मेलेला माणूस राहत कुठे होता, एवढंच बघतात. इथे राहता राहता गेलास तर हे घरही त्यात आणि बाणेरचा फ्लॅटही त्यात. वारस नाशकात असो नाहीतर नागपुरात."

"मग मरायच्या आधी पुण्याला जातो!"

"जा की. तिकीट तेवढं वेळेवर काढ."

आम्ही पोट धरून हसलो होतो. आज तो विनोद आठवला की मला खोलीत बसवत नाही, उठून फेऱ्या मारायला लागते मी.

मी भाडेकरूंसाठी, परदेशी कामगारांसाठी पत्रकं लिहिते. पहिला मसुदा काकांनाच दाखवायची. "यात उद्गारचिन्हं अकरा आहेत," ते म्हणायचे, "आणि ज्याला मदत हवी त्यानं जायचं कुठे, हे एकदाही नाही. चिडून झालं असेल तर पत्ता लिही." मी चिडायचेच. पण पत्ता लिहायची.

नीलिमाकाकूही त्या टेबलाशी निळं पाकीट घेऊनच आली. ब्रेडाच्या एका कंपनीत नोकरीला होती, स्वतःच्या परवान्यावर आलेली, कोणाच्या मागून नाही. पुण्यात नऊ वर्षं चाललेला घटस्फोट मागे टाकून आली होती. काका पन्नाशी ओलांडलेले, लग्न कधी केलंच नव्हतं. दोन वर्षं ती पाकीट नसतानाही येत राहिली, तेव्हा आम्हाला कळलं. लग्न ठरलं तशी काकूनं एकच अट घातली, माझ्यासमोर. "विधी सगळे करू. सात पावलं चालेन. पण कचेरीत जाऊन सही करणार नाही. त्या कोर्टात मी इतक्या सह्या केल्यात अरविंद, की माझ्या नावाची मला शिसारी आली. कारकुनासमोर उभं राहून आता पुन्हा लग्न नको."

काका म्हणाले, "बरं." एवढंच. माणूस कागदावर जगणारा, लोकांना कागदासाठी ओरडणारा, आणि हिच्यापुढे म्हणाला, "बरं." तेव्हा मला ते फार सुंदर वाटलं होतं. आता मला कोणाचा तरी राग काढायचा असतो आणि तो कुणावर काढावा ते कळत नाही. काकांवर? काकूवर? की माझ्यावर? हक्कांची पत्रकं छापणारी मी, अंतरपाट घडी करून परत दिला आणि पुढे एकदाही विचारलं नाही, की काका, नोंदणीचं काय केलंत?

कारण काकांना सगळं माहीत होतं. इथे लग्न नोंदलेलं असेल तर जोडीदाराला जवळजवळ काहीच कर पडत नाही. लग्न न करता एकत्र राहणाऱ्यांनाही सवलत आहे, पण त्यासाठी नोटरीकडे केलेला करार हवा, नाहीतर एकाच पत्त्यावर सलग पाच वर्षांची नोंद हवी. करार म्हणजे पुन्हा सही, म्हणून तो नाही. मृत्युपत्रही नाही. आणि पाच वर्षांना पाच महिने कमी पडले. ट्रामच्या थांब्यावर, रविवारी सकाळी, हातात भाजीची पिशवी, काका कोसळले ते तिथेच... पाच महिने.

सतीशकाकांना नाशिकला फोन मीच केला. कागदावर बायको नाही, मूलबाळ नाही, आईवडील नाहीत, म्हणजे वारस तेच. ते आधी हसले, मग त्यांचा आवाज चढला. "अगं, वहिनीचं घर मी घेऊ? वेडी का तू?"

"तुम्ही घेत नाही आहात काका, ते तुमच्याकडे येतंय. भाऊ म्हणून चढ्या दरानं कर भरून."

"मग मी कर भरतो आणि तिच्या नावावर करतो."

"मग ते दान. घर नावावर करण्याचा कर वेगळा. आणि बायको म्हणून मिळालं असतं, तर यातलं जवळजवळ काहीच पडलं नसतं."

"मग मला नकोच म्हणतो."

"मग तुमच्या मुलींकडे जाईल. तिच्याकडे नाही."

मग म्हणाले, "मी पण धरला होता ना गं अंतरपाट. माझं कोणी ऐकणार नाही का?"

हेच मी पालिकेच्या खिडकीवर विचारलं. खिडकीतली बाई दुष्ट नव्हती, हे लिहायला हवं. तिनं फोनमधले सगळे फोटो पाहिले, हारांचे, सप्तपदीचे, काकांनी जिलबी लपवून खाल्ली तोही. "सुंदर," म्हणाली. "दाखला?" आमच्या कायद्यानं लग्न सात पावलांनी पुरं होतं, नोंदणी नसली म्हणून मोडत नाही, हे मी तिला तीनदा सांगितलं. ती म्हणाली, तिथे वैध असेल तर आम्हीही मानू, फक्त तसं सांगणारा तिथला कागद आणा. पुण्यातली विवाह नोंदणी कचेरी म्हणते, वधूवरांनी समक्ष हजर राहावे. समक्ष! ते वाचून काकू पहिल्यांदा हसली, आणि मग तिला ते हसू थांबवता येईना.

आता एकच वाट उरली आहे. पुण्याच्या न्यायालयात जाऊन हे लग्न झालं होतं असं ठरवून घ्यायचं. जिला कोर्टाची पायरी पुन्हा चढायची नव्हती, तिलाच. एकदा लग्न मोडलं म्हणून नऊ वर्षं, आता ते जुळलं होतं म्हणून किती? तोवर घर टांगलेलं. टांगलेल्या घरात ती रोज सकाळी दोन कप चहा करते आणि एक ओतून देते, ते मी पाहिलं आहे.

गेल्या आठवड्यात आम्ही काकांचं कपाट आवरलं. फायलींच्या पाठीवर कुटुंबांची नावं, त्यांच्या तिरक्या अक्षरात. सगळ्यात खाली एक पातळ फाइल होती, तिच्यावर लिहिलेलं, "नीलिमा, सवडीने." आत पुण्याच्या विवाह नोंदणीचा अर्ज. वराची सगळी माहिती भरलेली. वराची सही केलेली, हिरव्या शाईत. वधूच्या सहीच्या जागी पेन्सिलनं एक छोटी फुली, तिला जागा सापडावी म्हणून. साडेचार वर्षं त्या माणसानं ती फाइल एकदाही टेबलावर काढली नाही. सवड होण्याची वाट पाहत होता.

काकूनं अर्ज शेवटपर्यंत वाचला. मग पेन उचललं आणि फुलीवर सही केली. मी म्हटलं, "काकू, आता याचा उपयोग नाही गं." ती म्हणाली, "माहीत आहे. पण त्याची जागा रिकामी नव्हती, माझीच होती."

मी आता पत्ता लिहिते, काका. त्या टेबलाशी तुम्ही बसला होतात, वाचकहो. तुमच्यापैकी कितीतरी जण. तुमची निळी पाकिटं काकांनी उघडली, तुमच्यासमोर काकूनं ताटं वाढली, तुम्ही तिला वहिनी म्हणालात, काकू म्हणालात, दिवाळीला दोघांच्या पाया पडलात. न्यायालयाला तेवढंच सांगायचं आहे, की हे दोघं नवराबायको म्हणून राहत होते आणि आम्ही त्यांना तसंच ओळखत होतो. प्रतिज्ञापत्राचा मजकूर तयार आहे. येत्या शनिवारी दिवसभर मी त्यांच्या घरी असेन. घर तुम्हाला माहीत आहे. मेसेजवर फुलं पाठवू नका, हात जोडलेलं चित्र पाठवू नका. या. टेबल तेच आहे, पेनही तेच. आधी वाचा, मग सही करा.