शंभर दाण्यांचा माणूस

आधी तपासल्याशिवाय कशावरही विश्वास न ठेवणारा असा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नाही, म्हणून हिवरखेडच्या चौकात माझ्या साडभाऊंचा पुतळा उभारावा असं मला फार वाटतं. अडचण एवढीच, की आधी एक छोटा पुतळा करून तो दोन पावसाळे उघड्यावर ठेवून पाहा, असं ते सांगतील. नवी छत्री ते न्हाणीघरातल्या नळाखाली उभं राहून तपासतात. नव्या चपला आठवडाभर घरातच वापरतात. ताईंना, म्हणजे माझ्या मोठ्या मेव्हणीला, पाहायला आले तेव्हा त्यांनी तीनदा चहा मागितला होता. ताई आजही ते बोलून दाखवतात, आणि साडभाऊ शांतपणे म्हणतात, "एका नमुन्यावर काय समजते?" सोयाबीनचं तर विचारूच नका. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळायचे, रोज पाणी शिंपडायचं आणि कोंब मोजायचे. सत्तरच्या खाली उगवण दिसली, तर सख्ख्या भावाचं बियाणंही त्यांनी परत केलेलं आहे.

अशा माणसाला व्हिडिओ गेम लागला. त्यांची लेक गुड्डी कॉलेजसाठी अमरावतीला गेली, तेव्हा जाताना घरच्या कॉम्प्युटरवर एक राज्य उभारायचा गेम टाकून गेली. दर रविवारी सकाळी कानांना हेडफोन लावून बापलेक ते राज्य चालवत. सैन्य तिच्याकडे, शेती आणि कोठारं यांच्याकडे. एरवी फोनवर "जेवली का?"च्या पुढे न जाणारा हा बाप त्या दोन तासांत तिच्याशी इतकं बोले, की ताई स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकत.

मग कंपनीने सुधारणा पाठवायला सुरुवात केली. पहिल्या सुधारणेनंतर शिपाई किल्ल्याबाहेर पडत, पण परत आत येईनात. दुसऱ्या सुधारणेत हत्ती नदीवर तरंगायला लागले. "भाऊ, यायनं शंभर दाणेबी टाकून पाह्यले नाही!" साडभाऊ माझ्यावरच डाफरले. त्यांनी कंपनीला रीतसर तक्रार लिहिली, बोगस बियाण्याची लिहितात तशी, लॉट नंबरच्या जागी गेमची आवृत्ती घालून. उत्तर आलं, की आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे. "बियाण्याची कंपनी निदान पाहणीले माणूस तं पाठवते!" असं म्हणून त्यांनी पुढची सुधारणा साफ नाकारली.

गुड्डीच्या कॉम्प्युटरने मात्र ती आपणहून घेतली. झालं! इकडे जुना गेम, तिकडे नवा, दोघांना एकत्र खेळता येईना. तीन रविवार कोरडे गेले. नवी सुधारणा घ्यावी, तर चार वर्षांचं राज्य बिघडायची भीती. आणि एकदा घेतली की मागे फिरायची सोय नाही.

चौथ्या रविवारी माझा लॅपटॉप घेऊन मला हिवरखेडला बोलावणं आलं. त्यावर त्यांनी नवा गेम घेतला, त्यात राज्याची नक्कल उतरवली आणि शंभर आज्ञा दिल्या. नांगरा, पेरा, कोठार उघडा. पाळलेल्या प्रत्येक आज्ञेपुढे मी वहीत खूण करत होतो. गुड्डी फोनवर होती.

"बाबा, किती उगवले?"

"बासष्ट."

सत्तरचा नियम तिलाही पाठ होता. "राहू द्या मंग," ती हळूच म्हणाली. "जुनंच ठेवा तुमी."

साडभाऊंनी चष्मा पुसला. "गुड्डे, उगवण कमी असली तं दाणे जास्त टाकून पेरता येते," ते म्हणाले. हा नियम मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होतो. मग त्यांनी आपल्या कॉम्प्युटरवर सुधारणेचं बटण दाबलं.

तासाभराने राज्य उघडलं. एक हत्ती कोठाराच्या छपरावर बसलेला होता. हेडफोनमधून गुड्डीचं खदखदून हसणं मलाही ऐकू आलं, "बाबा, तुमचा हत्ती पाहा कुठं चढून राहिला!" तक्रारीसाठी मी वही पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली.

"बसू द्या त्याले," साडभाऊ म्हणाले. "तीन आठवडे वाट पाहून थकला असन."