काटेवाल्यांची रिकामी सीट

काटेवाल्यांचं खरं नाव गल्लीत कुणाला विचारलंत, तर तो माणूस थोडा वेळ डोकं खाजवेल आणि म्हणेल, अहो काटेवालेच ते. छत्तीस वर्षं त्यांनी दुकानदारांचे वजनकाटे दुरुस्त केले. जिन्यावरच्या पावलांचा आवाज ऐकून ते येणाऱ्याचं वजन सांगत आणि ते किलोभराच्या आत बरोबर निघे. फक्त स्वतःच्या बायकोचं वजन त्यांनी आयुष्यात कधी सांगितलं नाही. याला कुणी सभ्यता म्हणत, कुणी शहाणपण.

धंद्यात त्यांचा एक हेका होता. दुकानदार म्हणायचा, "बघा, काटा बरोबर शून्यावर आहे, काही बिघडलेलं नाही." त्यावर काटेवाले शांतपणे पिशवीतून वजनं काढत. "रिकामा काटा शून्य दाखवतो, त्यात त्याचं काय कौतुक? वजन ठेवा आणि मग बोला." हे वाक्य त्यांनी इतक्यांना इतक्या वेळा ऐकवलं होतं, की काही दुकानदार ते आले की त्यांच्याआधीच म्हणून टाकत.

आता ते निवृत्त झाले होते आणि त्यांच्यापाशी एकोणतीस वर्षं जुनी मोटारसायकल होती. दर रविवारी चार वाजता ते बायकोला मागे बसवून शहराच्या दुसऱ्या टोकाला तिच्या मोठ्या बहिणीकडे नेत. बहीण अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे ही फेरी कधी चुकत नसे. जायला चाळीस मिनिटं लागत. घरात त्या दोघांचं बोलणं म्हणजे नळ गळतोय आणि दूध संपलंय. पण गाडीवर बसली की ती उजवा हात त्यांच्या खांद्यावर ठेवायची आणि आठवडाभराचं सगळं त्यांच्या कानात ओतायची. निम्मं वाऱ्यावर जायचं. काटेवाले नुसतं "हं" म्हणत. या चाळीस मिनिटांसाठी ते आठवडाभर वाट बघत, हे मात्र त्यांनी तिला कधी बोलून दाखवलं नव्हतं.

गेले तीन रविवार गाडीने दगा दिला. पहिल्यांदा चढावर, दुसऱ्यांदा टपाल कचेरीसमोरच्या गतिरोधकावर आणि तिसऱ्यांदा चक्क घराच्या फाटकात. बायको उतरली, काटेवाल्यांनी किक मारली, की गाडी लगेच सुरू. ती बसली की पुन्हा बंद. काटेवाल्यांनी निदान केलं, "गरम होते गं. जरा थांबलं की निवते." फाटकापर्यंतच्या दहा पावलांत गाडी गरम कशी झाली, हे तिने त्यांना विचारलं नाही. तिने बहिणीच्या मुलाला फोन केला. भाचा म्हणाला, "मावशी, तू कशाला त्या खटाऱ्यावर हाडं मोडून घेतेस? या रविवारपासून मी माझी कार घेऊन येतो. काकांनाही मागच्या सीटवर आरामात बसता येईल." ती म्हणाली, "शनिवारी सांगते."

मागच्या सीटवर. काटेवाल्यांनी ते ऐकलं आणि हत्यारांची पेटी बाहेर काढली.

सोमवारपासून त्यांनी परसात ठाण मांडलं. कामाच्या वेळी गाडीजवळ कुणी फिरकायचं नाही हा त्यांचा दंडक, आणि बायकोला तर सक्त मनाई. त्यांनी प्लग बदलला. इंजिनातले पॉइंट बारीक पॉलिश पेपरने घासून आरशासारखे केले, त्यांच्यातली फट पट्टीने मोजली, कंडेन्सर बदलला, कॉइल बदलली. दर वेळी प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवला, किक मारली, की निळी, टणक ठिणगी उडायची. गाडी स्टँडवर पाव पाव तास चालायची. गुरुवारी ते एकटेच चढावरून जाऊन आले, गाडीने साधी उचकीसुद्धा दिली नाही. काटेवाले खूश झाले आणि त्याच वेळी मनातून हादरलेही, कारण सापडलेला दोष एकही नव्हता.

शनिवारी सकाळी बायको चहा घेऊन मनाई मोडून परसात आली. कप ओट्यावर ठेवून ती गाडीकडे बघत उभी राहिली.

"झाली का दुरुस्त?"

"तशी चालतेय."

"तशी म्हणजे?"

"म्हणजे तपासली. सगळं बरोबर आहे."

"रिकामी तपासली?"

काटेवाल्यांनी चहाचा घोट घेतला. तो गरम होता, पण त्यांनी तो तसाच गिळला.

"छत्तीस वर्षं जगाला सांगत फिरलात," ती म्हणाली, "वजन ठेवा आणि मग बोला. आणि घरचं वजन ओट्यावर उभं ठेवलंत होय?"

तिने पदर खोचला आणि स्टँडवरच्या गाडीवर चढून बसली. काटेवाल्यांनी किक मारली. इंजिन सुरूच होईना. ती उतरली, एका किकमध्ये इंजिन धडधडायला लागलं. ती पुन्हा बसली, इंजिन गप्प. असं चार वेळा झालं. पाचव्या वेळी तिला इतकं हसू आलं की तिला हँडल धरून उतरावं लागलं.

"आता काढा ती सीट," ती म्हणाली.

काटेवाल्यांनी फार सावकाश पाना शोधला, जो त्यांच्या हातातच होता. सीट उचलली तेव्हा दोष दिसला, तो आंधळ्यालाही दिसला असता. इंजिन बंद करायच्या लाल बटणाची तार सीटच्या मागच्या भागाखालून जात होती. बटण दाबलं की ती तार गाडीच्या लोखंडाला जोडली जाते आणि ठिणगी मरते. सीटच्या पत्र्याने त्या तारेवरचं प्लॅस्टिक घासून खाल्लं होतं. बायको बसली की पत्रा खाली यायचा, उघडी तार लोखंडाला टेकायची म्हणजे तीन रविवार बायको नुसती बसून बटण दाबत होती.

पण तिची नजर तारेवर नव्हतीच. सीटच्या पत्र्याला चार कोपऱ्यांत चार रिकामी भोकं होती. "इथे काय असतं?"

"रबरं असतात. सीट त्यांच्यावर टेकते."

"काळी? एवढी? तुमच्या खिळ्यांच्या डब्यात होती ती?" तिने एका भोकात बोट घातलं. "ती मी शिलाई मशीनच्या पायांखाली लावलीत. मशीन चालताना सरकत होतं म्हणून. कधी काढलीत तुम्ही?"

"झाली दोन वर्षं," काटेवाले तारेशी बोलले. "फोमही थोडा कापला."

दोन वर्षांपूर्वी तिचे गुडघे इतके धरले होते, की गाडीवर पाय टाकता येईना. डॉक्टरांनी व्यायाम दिला. पलंगाची कड धरून रोज सकाळी वीस वेळा पाय वर. महिन्याभरात एका रविवारी तिचा पाय सहज पलीकडे गेला, आणि तेव्हापासून गल्लीतल्या प्रत्येक दुखऱ्या गुडघ्याला तिने तो व्यायाम शिकवला होता. काटेवाले बाजूला उभे राहून मान डोलावत. तिच्या तोंडावरचा तो आनंद मोडायचा त्यांना धीरच झाला नव्हता. आताही होत नव्हता.

"म्हणजे माझा पाय वर गेलाच नाही," ती हळू म्हणाली. "सीट खाली आली."

काटेवाल्यांनी तारेवर नवी नळी चढवली, तिला पत्र्यापासून दूर, चौकटीच्या बाजूने वळवून घट्ट बांधलं. हात चालू होते, पण कान मागे लागले होते. ती अजून तिथेच उभी होती. शेवटी मान खाली ठेवूनच त्यांनी विचारलं, "रबरं परत बसवू का?"

"नको," ती म्हणाली. "माझं मशीन सरकेल."

मग ती कप घेऊन आत गेली आणि तिने भाच्याला फोन लावला. फोनवर ती काय बोलली हे काटेवाल्यांनी कान देऊन ऐकलं, आणि मग सीट बसवताना त्यांचा एक नट दोनदा खाली पडला.

रविवारी चार वाजता ती गाडीवर बसली आणि इंजिन चालूच राहिलं. तेवढ्यात शेजारच्या काकू गॅलरीतून वाकल्या. "काय हो, गुडघे काय म्हणतात?"

"उत्तम," ती म्हणाली. "रोज वीस वेळा पाय वर. चुकवायचं नाही."

आणि तिने काटेवाल्यांच्या खांद्याला असा चिमटा काढला, की त्यांनी घाईघाईने मान डोलावली.